कराडच्या धावपट्टीवरची छोटी विमानं : प्रकल्प नोंदी

17 ऑक्टोबर

कराडच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिक ज्या छोट्या विमानांतून फेऱ्या मारतात, त्यांची छायाचित्रमालिका करायला घेतली आहे. काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालेल. माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा, त्यामुळे लग्नसराईत नोंदी विरळ होतील.

मालिकेकडून अपेक्षा दोनच. फोटोत विमान उडतंय हे दिसलं पाहिजे, आणि ते कराडात उडतंय हे दिसलं पाहिजे. छोट्या विमानांचे बहुतेक फोटो निळ्या आकाशावर टाचल्यासारखे असतात. पंखा गोठलेला, खाली जमीन नाही, मागं डोंगर नाही. ते विमान बारामतीचं म्हटलं काय किंवा परदेशातलं म्हटलं काय, कुणाला फरक कळणार नाही. आपल्या गावावरून रोज जाणाऱ्या विमानाचा असा फोटो मला करायचा नाही.

ही धावपट्टी 1955 सालची. कोयना धरणाच्या कामासाठी सार्वजनिक बांधकाम खात्यानं पाटणच्या रस्त्याला विजयनगरजवळ ती बांधली. लांबी सुमारे 1,280 मीटर. मोठं प्रवासी विमान इथं उतरू शकत नाही, पण सेस्ना 172 सारख्या चार आसनांच्या विमानाला यातला निम्मा भाग पुरतो. या सेस्नाचं पहिलं उड्डाणही 1955 चंच. पुढं जगात सगळ्यांत जास्त संख्येनं तयार झालेलं विमान हेच ठरलं, 44,000 च्या वर. धावपट्टी आणि विमान एकाच वयाचे, आणि दोघंही अजून कामावर आहेत, याचं मला फार अप्रूप आहे.

धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम पसरली आहे. वायव्येला वसंतगड, दक्षिणेला कोयनेच्या पलीकडे आगाशिव, पूर्वेला लांब सदाशिवगड. मालिकेची पार्श्वभूमी या तिघांतूनच घ्यायची.

26 ऑक्टोबर

परवानगीचं आधी. विमान नियम, 1937 मधल्या नियम 13 प्रमाणे सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढता येत नाहीत. तेव्हा कुंपणाच्या आतल्या कामासाठी रीतसर अर्ज दिला. उत्तर येईपर्यंत सगळं काम बाहेरून, शेतांच्या बांधांवरून. ड्रोनचा प्रश्नच नाही. शिकाऊ पोरं उडतात त्या हवेत आपलं यंत्र सोडणं मला पटत नाही, आणि ते नियमातही बसत नाही.

शेताच्या मालकांनाही विचारायला हवंच. दक्षिणेच्या बाजूला एक चांगला उंच बांध आहे. तिथं ट्रायपॉड लावतोय तोवर शेताचे मालक लगबगीनं आले.

“मोजणीला आलासा व्हय?”

विमानतळाच्या विस्तारीकरणासाठी जमिनी जाणार, हा विषय इथं वर्षानुवर्षं पेटता आहे. आसपासच्या गावांनी त्याला विरोध केला, मोर्चे काढले. तिपाईवर डबा लावून धावपट्टीकडं बघणारा माणूस इथं मोजणीवालाच वाटणार. मी कॅमेरा उघडून दाखवला, मागच्या पडद्यावरचं विमान दाखवलं. मग मामा निवांत झाले, बांधावर बसून बघत राहिले.

तेव्हापासून ट्रायपॉड घरी. हातात कॅमेरा असला की लोकांना कळतं हा फोटोवाला आहे. विमान नजरेत धरून कॅमेरा फिरवायचा तर हातातच बरा पडतो.

9 नोव्हेंबर

आज पंख्याचा हिशेब. सगळ्या मालिकेचा पाया हाच आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

उड्डाण करताना सेस्नाचा पंखा मिनिटाला 2,400 च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 40. पाती दोन. पंख्याची पूर्ण तबकडी फोटोत उमटायची तर शटर उघडं असताना पंख्यानं किमान अर्धा फेरा घ्यायला हवा. तेवढ्यानं एक पातं दुसऱ्याच्या जागी येतं आणि वर्तुळ भरतं. अर्ध्या फेऱ्याला लागतो 1/80 सेकंद. 1/1000 ला पंखा जेमतेम 14 अंश सरकतो, म्हणजे फोटोत थांबलेलाच दिसणार. 1/250 ला 58 अंश, नुसती पुसट कड. 1/125 ला 115 अंश, इथून पंखा फिरतोय असं वाटायला लागतं. खरी तबकडी 1/80 किंवा त्याहून हळू शटरलाच.

उतरताना गणित बदलतं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडं सरळ उतरत येताना, वैमानिक इंजिन कमी करतो, फेरे हजारावर येतात. मग अर्ध्या फेऱ्याला लागतो जवळजवळ 1/33 सेकंद. विमान धावपट्टीवरून हळू चालत परत येतं तेव्हाही तेच. म्हणजे उड्डाणापेक्षा उतरणं अवघड, आणि डोळ्यांना सोपी वाटणारी जमिनीवरची चाल सगळ्यांत अवघड.

दुसरी बाजू विमानाच्या वेगाची. सेस्ना जमीन सोडते ती ताशी 100 किलोमीटरच्या आसपास. 1/80 सेकंदात ती 35 सेंटिमीटर पुढं गेलेली असते. कॅमेरा तेवढ्याच गतीनं फिरला तर विमान स्पष्ट, पंखा गोल आणि मागचा ऊस आडव्या रेघांत वितळलेला. कॅमेरा कमीजास्त फिरला की सगळंच पुसट.

लग्नात आम्ही अक्षता हवेत गोठवतो, तिथं ते शोभतं. विमानाचा पंखा गोठला की इंजिन बंद पडल्यासारखं वाटतं. वैमानिकाला तो फोटो दाखवून बघावा, त्याच्या पोटात खड्डा पडेल.

10 नोव्हेंबर

भर उन्हात 1/80 ठेवायचं तर प्रकाश फार होतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 100 आणि शटर 1/100 धरलं तर लेन्सचं छिद्र एफ 16 पर्यंत बंद करावं लागतं, आणि तिथं लेन्सची धार मऊ पडते. शिवाय सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आकाशात काळा ठिपका होऊन उमटतो. उपाय म्हणजे एनडी 8 फिल्टर. तीन स्टॉप प्रकाश अडतो, म्हणजे आठवा हिस्साच आत येतो, आणि छिद्र एफ 5.6 वर येतं. कोल्हापुरातून मागवला.

23 नोव्हेंबर

फिल्टर लावून सकाळभर काम. पायाची ठेवण महत्त्वाची आहे: विमान जिथं जमीन सोडेल त्या जागेकडं पाऊल वळवून उभं राहायचं, आणि विमान जिथून येणार तिकडं कमरेतून वळायचं. मग कॅमेरा उलगडत नेमक्या जागी येतो. उलटं उभं राहिलं तर ऐन वेळी कंबर अडते. लेन्सचं स्थिरीकरण आडव्या फिरवण्याच्या मोडवर, कोपरं छातीला टेकलेली, आणि बटण दाबल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचा.

शिकाऊ वैमानिकांचा एक मोठा फायदा आहे. ते सर्किट मारतात. उड्डाण, डावीकडं वळण, धावपट्टीला समांतर उलटा प्रवास, पुन्हा वळण, उतरणं, चाकं टेकली की थांबायचं नाही, पुन्हा इंजिन पूर्ण. हे टच अँड गो तासभर चालतं. फोटोवाल्याला तेच विमान तेच दृश्य काही मिनिटांनी पुन्हा देतं. लग्नात वरमाला दुसऱ्यांदा पडत नाही. इथं मागच्या फेरीत काय कमी पडलं ते पुढच्या फेरीत बघता येतं, आणि मला दिसतं की वर बसलेलं पोरही तेच करतंय.

बऱ्याच फ्रेम टाकाव्या लागतात. राहतात त्यांत पंख्याची चांदीसारखी तबकडी, तिच्यातून दिसणारा डोंगर. हे हवं होतं.

8 डिसेंबर

कारखाने सुरू होऊन महिना झाला. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. हवेत पाचट जाळल्याचा धूर आहे, सकाळी थंडीमुळं तो जमिनीलगत बसून राहतो. वसंतगड नुसता निळसर ठसा दिसतो. लांबची लेन्स लावली की धूर आणखी दाट होतो, म्हणून अंतर कमी करणं एवढाच मार्ग. कॉम्प्युटरवर धूर पुसून डोंगर वर काढता येतो, पण मी ते करणार नाही. डिसेंबरात कृष्णाकाठची हवा अशीच असते.

दक्षिणेच्या बांधावरचा मामांचा ऊस अजून उभा आहे, डोक्याच्या वर हातभर. त्यामुळे धावपट्टी दिसत नाही, चाकं सुटल्यानंतरचंच विमान मिळतं. उसाच्या तुऱ्यांवरून विमान वर येतं, ते दृश्य मला फार आवडलं. तुरे पुसट, विमान स्पष्ट. धावपट्टी न दाखवताही कळतं की हे आत्ता जमिनीवरून सुटलंय.

19 डिसेंबर

मामांच्या शेतात टोळी आली. बीडकडची माणसं. पहाटेपासून कोयते चाललेत. मी टोळीच्या मुकादमांना आणि बायांना आधी विचारलं. एका मावशींनी सांगितलं, “आमचं तोंड नको, काम काढा.” तसंच केलं.

मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई, आणि तिच्या मागं, तिच्याच उंचीवर, चढणारं विमान. दोघांची चढण एका दिशेला यावी म्हणून मी ट्रॉलीच्या पलीकडं गेलो. इथं 1/80 चालणार नाही, बाई हलतेय ती वेगळ्या दिशेनं. 1/125 वर आलो. पंखा अर्धवट भरला, बाईचा पाय किंचित पुसट झाला, आणि मला ते योग्य वाटलं. दोन्हीकडं काम चालू आहे.

मालिकेतला हा एक फोटो नक्की. टोळीतल्यांसाठी त्याच्या प्रती काढून पाठवायच्या आहेत, गाव आणि पत्ता लिहून घेतला.

20 डिसेंबर

शेत मोकळं झालं. आता दक्षिणेच्या बांधावरून धावपट्टी टोकापासून टोकापर्यंत दिसते. सूर्य पाठीमागं, दक्षिणेला कललेला, विमानाची अख्खी बाजू उजळते. वायव्येला वसंतगड, पायथ्याला तळबीड, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं गाव. फ्रेमच्या डाव्या तिसऱ्या हिश्शात गड आणि उजवीकडून येणारं विमान, अशी मांडणी बसते.

आगाशिव मात्र या बाजूनं पाठीमागं राहतो. तो हवा तर उत्तरेच्या बांधावर जाऊन दक्षिणेकडं बघायला हवं, आणि हिवाळ्यात त्या दिशेला सूर्य तोंडावर येतो. विमान काळी आकृती होतं. आगाशिवसाठी थांबावं लागणार.

12 जानेवारी

हवा आज स्वच्छ. वारा नावाला नाही, विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, काठीला चिकटून लोंबतोय. पहिली दीड तासाची वेळ सोन्यासारखी. साडेनऊनंतर डांबर तापायला लागतं आणि त्यावरची हवा थरथरते. लांबच्या लेन्समधून विमानाची चाकं पाण्यात बुडाल्यासारखी दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, फोकसचाही नाही, त्यामुळे दुरुस्तही होत नाही. जमिनीवरचे फोटो नऊच्या आत, पुढं फक्त हवेतले.

बांधावर शाळेतली पोरं जमतात. एकानं मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला: पंख्याची पाती केळ्यासारखी वाकलेली, एक तर पंख्यापासून सुटून हवेत तरंगतंय. “काका, पंखा मोडलाय का?” त्याला समजावलं. मोबाइलचा सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं ओळीओळीनं टिपतो. पहिली ओळ टिपली तेव्हा पातं एका जागी, शेवटची टिपली तेव्हा दुसऱ्याच जागी. म्हणून सरळ पातं वाकडं. माझ्या कॅमेऱ्यातही मूक शटर लावलं तर हेच होतं, म्हणून या कामात यांत्रिक शटरच ठेवतो. पोरानं घरी जाऊन टेबलफॅनचा फोटो काढून बघतो म्हणून सांगितलं. काढेल.

2 फेब्रुवारी

लग्नसराई. विमानतळाकडं जाणं झालं नाही. कार्यालयाच्या गच्चीवरून वरातीचे फोटो काढताना एक सेस्ना वरून गेली, तेवढंच.

1 मार्च

परवानगी आली. एक सकाळ, सोबत त्यांचा माणूस, धावपट्टीवर पाऊल नाही, फ्लॅश नाही, चालू इंजिनाजवळ जायचं नाही. फ्लॅशची अट नसती तरी मी वापरला नसता. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांवर प्रकाश मारणं म्हणजे जिवाशी खेळ.

15 मार्च

आजची नोंद मोठी होणार.

सहाला आत. चकाकती पिवळी जाकिटं आम्हाला घालायला दिली. हँगरचं दार सरकवून विमान हातानं ढकलत बाहेर काढतात, हे मला माहीत नव्हतं. दोघंतिघं मिळून, पुढच्या चाकाला दांडा लावून. इंधनाशिवाय हे विमान आठशे किलोच्या आतलं, आपल्या छोट्या मोटारीएवढं.

आज उडणारी मुलगी विदर्भातली, विशीतली. तिला शिकवणारे कॅप्टनसाहेब बाजूला हात बांधून उभे, एक शब्द बोलत नाहीत, ती यादी हातात घेऊन विमानाभोवती फिरते. पंखाच्या कडेवरून तळवा फिरवते. पंख्याच्या पात्याला कुठं खाच आहे का ते बोटांनी बघते. तेलाची पट्टी बाहेर काढून पुसते, परत घालते, परत काढते. हवेचा वेग मोजणाऱ्या नळीवरचं लाल फितीचं टोपण काढते. पंखांच्या टाक्या वर असतात, त्यामुळे शिडीवर चढून झाकण उघडून इंधन डोळ्यांनी बघते. काट्यावर विसंबायचं नाही, हा नियम.

मग टाकीच्या तळातून थोडं इंधन एका पारदर्शक नळकांड्यात काढून तिनं ते आकाशाकडं धरलं. विमानाच्या या पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग दिलेला असतो. पाणी मिसळलेलं असेल तर ते जड असल्यामुळं तळाला वेगळं बसतं आणि लगेच दिसतं. सूर्य नुकताच वर आला होता, नळकांड्यातून निळा प्रकाश तिच्या गालावर पडला. 85 ची लेन्स, एफ 2.8. चेहरा गंभीर, डोळे नळकांड्याच्या तळावर. अख्ख्या मालिकेत माणूस इतक्या जवळ येतो तो या एकाच फोटोत, आणि तो मधोमध लागला पाहिजे.

इंजिन सुरू करण्याआधी खिडकीतून तिनं मोठ्यानं “क्लिअर प्रॉप!”, म्हणजे पंख्यापासून दूर व्हा, अशी हाक दिली. चाललेला पंखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही हाक. मी ज्या तबकडीसाठी बांधावर महिने घालवले, तीच तबकडी इथं जीव घेऊ शकते. सोबतच्या माणसानं आम्हाला खूप मागं नेलं आणि मी निमूट गेलो.

उतरल्यावर तिच्याशी बोलणं झालं. व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन. एक प्रवास किमान 300 सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. मी विचारलं, वरून कराड ओळखायचं कसं? तिनं क्षणही लावला नाही. “सर, संगम. दोन नद्या समोरासमोर येऊन भिडतात आणि मिळून एकीकडं वळतात. असं दुसरीकडं दिसत नाही. संगम दिसला की धावपट्टी कुठं शोधायची ते कळतं.” उत्तरेकडून कृष्णा, समोरून कोयना. आम्ही प्रीतिसंगमावर भेळ खायला आणि यशवंतरावांच्या समाधीला जातो, आणि विदर्भाची ही पोर त्याच संगमावरून घरची वाट धरते. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

फोटो छापण्याबद्दल तिची आणि कॅप्टनसाहेबांची लेखी संमती घेतली. विमानांच्या शेपटीजवळची व्हीटीनं सुरू होणारी नोंदणीची अक्षरं तशीच ठेवायची, ती पुसली की विमान अनोळखी होतं.

6 एप्रिल

संपाताचा, म्हणजे दिवस-रात्र सारखी असण्याचा, दिवस होऊन दोन आठवडे झाले. सूर्य आता पूर्वेच्या उत्तरेला उगवतो. आज सकाळी उत्तरेच्या बांधावर उभा राहिलो तर विमानाच्या उत्तर बाजूवर तिरपा प्रकाश येतोय. हिवाळ्यात जी बाजू काळी होती तीच ही. फक्त आठ वाजेपर्यंतच, मग सूर्य दक्षिणेला सरकतो. पण वाट उघडली आहे. जसजसा मे जवळ येईल तसतसा हा वेळ वाढत जाणार.

27 एप्रिल

आगाशिव मिळाला.

पावणेसात. उत्तरेचा बांध, 70-200 लेन्स 135 च्या आसपास. डोंगर उन्हाळ्यानं तांबूस, उतारावरची लेण्यांकडं जाणारी वाट अंधूक रेघेसारखी. विमान पश्चिमेकडं धावतंय, शेपटीवर आणि पंखावर पूर्वेचा प्रकाश. 1/60. डोंगर लांब आहे, त्यामुळे कॅमेरा फिरवूनही त्याचा आकार बराचसा टिकतो, जवळचं गवत मात्र पार वितळतं. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी तिथं खडक फोडून विहार केले त्यांच्या उंबऱ्यावरून आज ही धावपट्टी दिसत असणार. पुढच्या आठवड्यात वर चढून बघायला हवं.

9 मे

कराडात या सुमाराला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. फोटोच्या दृष्टीनं हा सगळ्यांत कठीण काळ. सेस्नाचे पंख वर असतात, त्यामुळे अख्खा केबिनचा भाग पंखाच्या सावलीत जातो, वैमानिक दिसतच नाही. पण जमिनीवर उभ्या विमानाची सावली पाहा: बरोबर खाली, पूर्ण आकारात, नाकापासून शेपटीपर्यंत. लेण्यांच्या वाटेवरून लांबच्या लेन्सनं बघितलं. अंतर फार आणि हवा थरथरती, छापण्याजोगं काही मिळालं नाही. त्या उंचीवरून ऊस, कोयना, धावपट्टी आणि शहर एकमेकांना किती बिलगून आहेत ते मात्र नीट समजलं.

24 मे

वळवाचे दिवस. दुपारी तीननंतर ढग चढतात, चारला उड्डाणं थांबवतात. ढग येण्याआधीचा अर्धा तास, काळं आभाळ आणि त्यावर पश्चिमेचं ऊन पडलेलं पांढरं विमान, या हंगामातला सगळ्यांत देखणा प्रकाश. विमान हँगरकडं परततंय, चाल हळू, म्हणून 1/30. त्यात एक फ्रेम अशी आली की पंखा पूर्ण, वैमानिकाचा हात वर, आणि मागं सदाशिवगडावर पाऊस पडायला लागलेला.

14 जून

मान्सूनचा वारा. विंडसॉक आडवा ताठ, तोंड पश्चिम-नैर्ऋत्येकडं. विमानं शहराच्या बाजूनं येऊन पश्चिमेकडं तोंड करून उतरतात. वारा किंचित बाजूचा असल्यामुळं विमान नाक वाऱ्याकडं वळवून तिरपं येतं आणि चाकं टेकायच्या क्षणी सरळ होतं. पूर्वेच्या टोकाकडून हे पाठमोरं छान दिसतं. शिकणाऱ्याची कसोटी इथं लागते, वाऱ्याकडचा पंख जरासा खाली, एक चाक आधी टेकतं. धावपट्टी ओली असली तर त्या चाकामागं पाण्याची बारीक धार उठते. 1/100 ला धारेची रेघ टिकते आणि पंखाही फिरतो.

वारा समोरून असल्यामुळं जमिनीच्या मानानं विमानाचा वेग कमी होतो, म्हणून कॅमेरा फिरवायला जून सोपा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर सराव जूनमध्येच सुरू करा असं मी इतरांना सांगितलं असतं. आता सांगतो.

28 जून

निवड चालू. कागद मॅट, 16 बाय 24 इंच. चकचकीत कागदावर पंख्याची तबकडी दिव्याच्या चमकेत हरवते, मॅटवर तिचा करडा रंग नीट वाचता येतो. लॅबवाल्या दादांनी पहिल्या प्रिंटमध्ये सवयीनं धार वाढवली होती, ती पूर्ण काढायला लावली. पुसट भाग पुसटच छापला पाहिजे.

क्रम असा: तुऱ्यांवरून वर येणारं विमान, ट्रॉली आणि मोळी, वसंतगड, निळं इंधन, आगाशिव, वळीव, ओली धावपट्टी. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडं जसा सरकला तसा हा क्रम आपोआप लागला आहे. आकाशावरचं एकटं विमान एकही घेतलं नाही, त्यांतले काही फोटो तांत्रिकदृष्ट्या चोख असूनही.

बीडला प्रती पोचल्याचा फोन आला. विदर्भातल्या मुलीलाही तिची प्रत दिली.

6 जुलै

मामा भेटले. दक्षिणेच्या शेतात या महिन्यात आडसाली लागण करणार आहेत. म्हणजे येत्या हिवाळ्यात ऊस पुन्हा डोक्याच्या वर, आणि आडसाली असल्यामुळं तोड थेट त्याच्या पुढच्या हंगामात. वसंतगडाच्या बाजूचा मोकळा देखावा तोवर बंद. मला तिथून जमिनीवरची चाल 1/30 ला अजून करायची आहे, सकाळच्या नऊच्या आत. पलीकडच्या शेतात सोयाबीन आहे, ते ऑक्टोबरात निघतं आणि पुढं हरभरा, तो गुडघ्याएवढाच. तिथल्या काकींना मामांमार्फत विचारून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, पेरणी झाल्यावर बांधावरूनच चाला, वाफ्यात पाय नको. कबूल केलं.